डाव्या दरवाजाची चावी

मंडळी, या ग्रुपवर मी नेहमी माझ्या जुन्या निळ्या गाडीचे फोटो टाकतो. आज नुसतं लिहितोय. फोटो काढायचं धाडस झालं नाही.

डाव्या सीटपुढचं मॅटिंग रोज ओलं असतं, गाडी धुतली नाही तरी. दरवाजाचं रबर बदलून पाहिलं, फरक नाही. त्या दरवाजाला माझी चावीही कधी लागली नाही. नवा परवडत नाही, म्हणून आज दुपारी वसई फाट्याला भंगारवाल्याकडे गेलो.

तिथे अगदी तसाच निळा दरवाजा मिळाला. सहज माझी चावी लावली, तर ती फिरली.

"जुन्या लॉकला कुठलीपण चावी लागते, भाऊ," भंगारवाले चाचा म्हणाले.

मी तिथल्या बाकीच्या दरवाजांना लावून बघितली. एकालाही लागली नाही.

मग दरवाजा उलटा केला. आतून वाळलेला चिखल, आणि उघडायचं हँडल मुळापासून तुटलेलं.

"खाडीतून काढलेल्या गाडीचा आहे, म्हणून स्वस्त," चाचा म्हणाले. "मालकाने दुसरा बसवून गाडी विकली."

"आत कोण होतं?"

चाचा दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळले.

दरवाजा तिथेच सोडून मनवेलपाड्याला घरी आलो. मॅटिंग आजही ओलं होतं. बोट टेकवून जिभेला लावलं.

खारट.

मला विकणारा म्हणाला होता, गाडी कधी पाण्यात गेली नाही. तुम्ही माझ्या जागी असतात, तर गाडी ठेवली असती, की त्याच्यासारखंच सांगून पुढे विकली असती?