जेनेटच्या दगडावरचं शेवाळ

मत्सराला वय नसतं म्हणतात ते काही खोटं नाही. पुरुषोत्तम ओकांना तो सत्तरी उलटल्यावर झाला, आणि तोही आयर्लंडात, नावनजवळच्या एका खेड्यात. कारण काय, तर बायको रोज चार वाजता बूट चढवून बाहेर पडायला लागली.

ओक म्हणजे सांगलीचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले. २०२०च्या फेब्रुवारीत नंदाताईंना घेऊन लेकाकडे, गिरीशकडे, तीन महिन्यांसाठी आले आणि विमानंच बंद पडली. वर्ष उलटलं तरी इथंच. गिरीश एका खोलीत मीटिंगा करतोय, सून स्वरांगी दुसऱ्या खोलीत, नात रेवा तिसरीत ऑनलाइन शाळेत. उरले हे दोघं. चारचा चहा समोरासमोर बसून घ्यायचा, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. बोलणं काही व्हायचं नाही, ‘साखर कमी झालीय’ यापलीकडे. पण नेम म्हणजे नेम! तो मोडला अर्नीनं.

घरामागच्या चढावर एक पडकं चर्च होतं. कोणे एके काळी स्कॉटलंडहून इकडे शेती करायला आलेल्या लोकांनी बांधलेलं. पुढं त्यांची पोरंबाळं पांगली, छप्पर कोसळलं. आता दोन भिंती, घंटेची रिकामी कमान आणि भोवती कलंडलेली थडगी, एवढंच शिल्लक. त्या लोकांच्या वंशातला गावात राहिलेला एकटा म्हणजे हा अर्नी. बायको वारलेली. दुपारी बादली आणि ब्रश घेऊन दगडांवरचं शेवाळ काढत बसायचा. नंदाताई एकदा फिरायला म्हणून तिकडे गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पूजेतल्या नारळाचा काथ्या घेऊन जायला लागल्या.

“शेवाळ काढायला?” ओक कडाडले. “सांगलीच्या गच्चीवर वीतभर आहे, ते नाही दिसलं कधी!”

“अहो, चहा थर्मासमध्ये ठेवलाय,” एवढं बोलून बाई गेल्यासुद्धा.

थर्मासमधला चहा! ओकांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यात एक दिवस डब्यातून नारळाच्या वड्याही गेल्या. यांच्या वाट्याला आले फक्त तुकडे. रेवा खिडकीतून बघून म्हणाली, “ही इज ग्रँड, आजोबा. ही इज लव्हली विथ आजी.” लव्हली म्हणे! या मेल्याला इंग्रजीशिवाय काही येत नाही, हिला इंग्रजी धड येत नाही, मग तासन्‌तास बोलतात तरी काय? आपल्याशी मराठीत बोलायला हिच्याकडे शब्द नाहीत. म्हातारपणी बायको हातची गेली, हेच खरं. हे सांगायचं तरी कुणाला? लेकाला सांगावं तर तो हसेल.

शेवटी एप्रिलमध्ये न राहवून ओक पाठोपाठ गेले. पडक्या भिंतीआड उभे राहून, शेंबड्या पोरासारखे, डोकावून बघायला लागले. त्यांनी आधी काय पाहिलं, तर दोघांमधलं अंतर. सरकारी नियम दोन मीटरचा. यांच्या नजरेला ते दीडच भरलं.

नंदाताई एका बुटक्या दगडापुढं बसून काथ्यानं अक्षरं घासत होत्या, हलक्या हातानं, बाळाच्या टाळूवर तेल जिरवावं तसं.  तेवढ्यात अर्नीचं लक्ष गेलं. तो खुशीनं उठला, टोपी काढली आणि आपल्या संथ इंग्रजीत म्हणाला, “तुम्हीच ना पुरुषोत्तम? या, या. ही आमच्या घराण्यातली जेनेट, पाळण्यातच गेली. नंदा तिचंच करते. आणि तुमची शुभदा? तिला कुठं पुरलंय? नंदा म्हणाली, ते तुम्हालाच ठाऊक.”

 गिरीशच्या आधी ओकांना मुलगी झाली होती, ती बारशाआधीच गेली. तान्ह्या जिवाला अग्नी देत नाहीत. पंचात गुंडाळून, शेजाऱ्याला कुदळ घ्यायला लावून त्यांनीच तिला नदीवर नेलं होतं. बायका तिथं जात नाहीत, आणि बाळंतीण तर नाहीच नाही. नाव ठेवलंच नव्हतं. निदान आजपर्यंत त्यांना तसंच वाटत होतं.

ओक वळले आणि उतारावरून चालायला लागले. मागून नंदाताई आल्या, हातात ओला काथ्या.

“शुभदा,” ओक म्हणाले. “त्या परक्या माणसाला माझ्या मुलीचं नाव माहीत आणि मला नाही? मला नाही सांगितलंस?”

“तुम्ही जागा सांगितलीत मला?”

ओक थांबले. कुंपणापलीकडं मेंढ्या चरत होत्या.

“तू कधी विचारलं नाहीस.”

“त्यानं विचारलं,” नंदाताई म्हणाल्या. “पहिल्याच दिवशी. किती मुलं, म्हणाला. मी दोन सांगितली.”

 ओक मेंढ्यांकडं बघत म्हणाले, “घाटाच्या पलीकडं. उंबराखाली. वर दगड रचले होते, कुत्री उकरतात म्हणून.”

“सावली असते?”

“भरपूर.”

“आणि महापुरात? पडला असेल की हो तो उंबर.”

“छे! उभा आहे. पाणी ओसरल्यावर बघून आलो की मी.” बोलून गेल्यावर ओकांनी जीभ चावली.

नंदाताईंनी वळून त्यांच्याकडं पाहिलं. “म्हणजे जात होतात तुम्ही?”

“अधूनमधून. दूध आणायला म्हणून निघायचो.”

“एकटेच?”

“हो.”

नंदाताईंचा चेहरा लालबुंद झाला. इतके महिने जे ओकांच्या पोटात जळत होतं, ते आता त्यांच्या डोळ्यांत उतरलं. इतकी वर्षं! हा माणूस लेकीला भेटून यायचा आणि दुधाची पिशवी ओट्यावर ठेवून पेपर वाचत बसायचा.

“विमानं सुरू झाली की आधी मला तिथं न्यायचं,” त्या म्हणाल्या. “मी बसेन तिच्याजवळ. तुमचं झालंय बसून. तुम्ही लांब उभं राहायचं. दोन मीटर.”

“बरं,” ओक म्हणाले.