निर्भेळ दूध

गवळीकाकांचा जन्म गोठ्यातच झाला म्हटलं तरी चालेल. पोट बिघडो, झोप उडो, त्यांचं औषध एकच: पेलाभर दूध, बिनपाण्याचं. तरी गिऱ्हाइकं जन्मभर पाण्यावरून टोमणे मारत आली आणि ते त्यांच्या जिव्हारी लागत.

एकदा गायींसाठी माळावरून गवत कापून आणलं आणि काही दिवसांतच काका तापानं आडवे झाले. डॉक्टरीणबाईंनी कमरेच्या पट्ट्याखाली लपलेली एक काळी खपली शोधून काढली.

“गवतातला किडा चावलाय. मोहरीपेक्षा बारीक असतो, पण माणूस लोळवतो,” त्या म्हणाल्या आणि टेट्रासायक्लिन लिहून दिलं: पाचशेची एक कॅप्सूल, दिवसातून चारदा, उपाशीपोटी.

हे उपाशीपोटी काही काकूंना पटेना. एवढं कडक औषध रिकाम्या पोटाला कसं सोसेल? त्यांनी प्रत्येक कॅप्सूलवर घट्ट दुधाचा पेला दिला. ताप हटेना. काका बरळू लागले, लाडक्या गायींची नावं चुकवू लागले. तेव्हा मात्र काकूंनी डॉक्टरीणबाईंना बोलावणं धाडलं.

डॉक्टरीणबाई घरी आल्या, तर उशाशी पेला.

“हे कशाला?”

“औषध बाधू नये म्हणून.”

“अहो, दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. पेलाभर पाण्याबरोबर द्या, बसवून. लगेच निजवू नका, अन्ननलिका भाजते. दूध नंतर, दोन तासांनी. ताप उतरला तरी मधेच सोडायचं नाही. आणि नातवाच्या हाती लागू देऊ नका, लहानांचे दात कायमचे डागाळतात. उद्यापर्यंत उतार नाही पडला, तर भरती करू.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी डोळे उघडले. “तांबडीची धार काढली का?”

काकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. गार, घामानं ओलं. शेंगदाण्याएवढ्या त्या कॅप्सूलनं माणूस ओढून परत आणला होता. त्या थक्क होऊन नुसत्या बघत राहिल्या, मग रडल्या आणि रडत रडत आपली चूक सांगून टाकली.

काका तळहातावरच्या कॅप्सूलकडे किती तरी वेळ पाहत होते.

“एवढं जबर औषध, आणि आपल्या दुधानं ते अडवलं?”

“हो.”

“म्हणजे दूध निर्भेळच होतं.”

“जन्मात एकदा पाणी घातलं असतंत, तर माझा जीव असा टांगणीला लागला नसता.”

काका हसले. त्यांनी भिंतीला टेकून बसत कॅप्सूल तोंडात टाकली, काकूंच्या हातून पेला घेतला आणि ते नुसतं पाणी थेंबन् थेंब पिऊन टाकलं.