साचेखात्यात वारलेले कान

सर्व आप्तेष्टांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, माझे दोन्ही कान ऐन विशीत, सोलापूरच्या एका गिरणीत, भर दुपारी वारले. सुतक कुणी पाळलं नाही, म्हणून इतक्या वर्षांनी मीच मृत्युलेख लिहायला बसलो आहे.

ऐकू येतं हो मला! बायको स्वयंपाकघरात पुटपुटते तेसुद्धा येतं. गेले ते विणकराचे कान. ते मामांनी दिलेले होते.

मामा त्याच गिरणीच्या साचेखात्यातले जुने विणकर; साचे म्हणजे गिरणीतले यंत्रमाग. शिकवायची त्यांची रीत अशी: पागोट्याच्या शेवानं डोळे बांधायचे, चालत्या साच्यांमध्ये उभं करायचं आणि गुपचूप ताण्याचा एक धागा तोडायचा. "कुठल्या साच्याचा? कुठल्या बाजूचा? बोल की!" चुकलं की टाळक्यात लाकडी कांडी. तुटका धागा शेजारच्या धाग्यांत गुंतला की साच्याचा ठोका किंचित घोगरा होतो. तेवढं ओळखायला मला सहा महिने लागले. टेंगळं किती आली ते विचारू नका.

मग विलायतेहून नवे साचे आले. प्रत्येक धाग्यावर एक पोलादी पत्ती. धागा तुटला की पत्ती पडणार, साचा आपोआप थांबणार. दोनाऐवजी एकेकाकडे आठ साचे. शिक्षण आठ दिवसांचं, त्यात कानाचा धडाच नाही. मामांच्या हाती झाडू आला, वर खात्याचे साहेब असलेल्या मास्तरांची तंबी: विणकरांच्या कामात तोंड घातलं तर झाडूही जाईल. त्या वयात त्यांना दुसऱ्या गिरणीत कोण घेणार होतं?

मी मात्र खूश! हात पाठीशी बांधून सुभेदारासारखा फिरायचो.

एके दुपारी चार ओळी पलीकडून मामा झाडू घेऊनच धावत आले. "सातवा बघ! डावी बाजू! तुटलाय!"

पत्ती जागच्या जागी होती, साचा चालू होता. "पत्ती पडली न्हाई, मामा," मी कानावर हात ठेवून, मान डोलवून ओरडलो, "तुमचेच कान वाजाय लागलेत!" सगळी ओळ खिदळली.

"तुला खरंच ऐकू येईना व्हय रं?" मामांनी विचारलं.

खरंच येत नव्हतं.

तेवढ्यात मास्तर आले आणि त्यांनी मामांना तिथल्या तिथं कामावरून काढलं. मामांनी झाडू भिंतीला नीट टेकवला. भवानी पेठेची वाट आम्ही रोज जोडीनं चालायचो. त्या दिवशी ते एकटेच गेले.

संध्याकाळी सातव्याचं कापड टेबलावर उलगडलं. डाव्या बाजूला हातभर जाळी. खळ आणि कापसाची धूळ चिकटून पत्ती अडकली होती. ती पडणार कशी? मास्तरांनी जाळीतून पंजा आरपार घातला. "एवढं होईपर्यंत ओरडून सांगणारं कुणीच नव्हतं काय रे तिथं?"

गप्प राहिलो असतो तर सगळा दोष पत्तीवर गेला असता. पण तोंडातून निघूनच गेलं:

"मामा हुते की, साहेब! मी हसलो अन् तुमी हाकललं!"