बेटावरच्या मावशीचा डबा

आयर्लंडमधल्या तमाम मराठी मंडळींत खरीखुरी सुट्टी घेतलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचे साडू. बाकी आम्ही सगळे रजा घेतो आणि घरी जातो. घरी म्हणजे पुण्याला, नाशिकला, नागपूरला, ज्याच्या त्याच्या आईकडे. जाताना बॅगा भरून चॉकलेटं नेतो, येताना पापड-मसाले आणतो, मधल्या दिवसांत बँकेत सह्या करतो, दात दाखवून घेतो, ज्यांच्या लग्नाला जमलं नाही त्यांच्या मुलांच्या बारशाला हजेरी लावतो, आणि परत आल्यावर ऑफिसात कोणी 'सुट्टी कशी झाली' विचारलं की 'ग्रँड' (म्हणजे इकडचं 'मजेत') म्हणून गुडघे चोळत बसतो. साडूंनी मात्र एकदा, आयुष्यात एकदाच, कॅरिबियन समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर आख्खा आठवडा नुसता लोळून काढला. बेटाचं नाव मी सांगत नाही, कारण 'नाव फोडलंस तर तिथं गर्दी होईल' असं त्यांनी मला बजावलं आहे. ही गोष्ट दोन हजार पंधराची. पुढची चार वर्षं ते त्या एका आठवड्यावर जगले, आणि आम्हालाही जगायला लावलं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळ नागपूरचे, राहायला एनिसला, नोकरी शॅननच्या एका कारखान्यात. आम्ही डब्लिनजवळ ल्यूकनला. मी त्यांना दादा म्हणतो आणि त्यांच्या बायकोला ताई. आता हा साधा, नाकासमोर चालणारा माणूस बेटावर पोचला कसा? तर त्या वर्षी नागपूरला त्यांच्या पुतण्याची मुंज होती. रजा मंजूर, तिकिटं काढलेली, बटूसाठी आयरिश लोकरीची टोपीसुद्धा घेऊन झालेली (मे महिन्यात! नागपूरला!). आणि ऐन वेळी वर्ध्याचे कुणी लांबचे भाऊबंद गेले. सुतक आलं, मुंज पुढं ढकलली. कारखान्यातली रजा काही पुढं ढकलता येईना, आणि तिकिटं बदलून मिळत होती पण परत होत नव्हती. तेव्हा ताईंनी वैतागून संगणकावरच्या नकाशात जे बोट ठेवलं ते या बेटावर पडलं. "अहो पण सुतकात मजा करायला जायचं?" मी फोनवर विचारलं. "समुद्र ओलांडला की सुतक फिटतं," साडू म्हणाले. हा नियम कुठल्या ग्रंथात आहे असं विचारल्यावर म्हणाले, "माझ्या." पण धाकधूक असणारच, म्हणून त्यांनी दाढी तेवढी केली नाही. सुतकही पाळलं गेलं आणि सुट्टीही झाली. त्या वाढलेल्या दाढीमुळे बेटावरचे लोक त्यांना मोठा निवांत माणूस समजले, आणि लोकांचा गैरसमज व्हायला नको म्हणून हेही खरोखरच निवांत झाले.

परत आले ते निराळेच. मनगटावरचं घड्याळ गेलं. का, तर बेटावर मासे आले की जेवायची वेळ होते, घड्याळाचा काय संबंध! आता एनिसला कुठले मासे यायचे? पण आमच्या गणपतीच्या आरतीला सकाळी या म्हटलं की हे ताईंना घेऊन मोदक संपताना उगवायचे, आणि वर मलाच सांगायचे, "अरे, घाई कसली? गणपती काय पळून चाललाय?" बेटावर म्हणे दुकानात शिरलं किंवा बसमध्ये चढलं की आधी सगळ्यांना नमस्कार-चमत्कार करायचा, मग काय ते बोलायचं. हे त्यांना इतकं आवडलं की डब्लिनच्या दुमजली बसमध्ये जिना चढून गेल्यावर ते वरच्या मजल्याला उद्देशून खणखणीत आवाजात 'गुड आफ्टरनून' म्हणाले. मी खाली मान घालून फोनमध्ये शिरलो. आश्चर्य म्हणजे सगळ्या मजल्यानं उत्तर दिलं, आणि एका आजीबाईंनी त्यांना शेजारी बसवून स्वतःच्या नातवंडांचे फोटो दाखवले. "बघ," ते उतरताना म्हणाले, "माणसं सगळीकडे तीच आहेत. फक्त आधी हाक मारायला पाहिजे."

आणि तो झोपाळा! कपडे वाळत घालायचा खांब आणि मागची लाकडी शेड यांच्यामध्ये त्यांनी एक दोरीचा झोपाळा बांधला होता. त्यांच्या क्लेअर परगण्यातला पाऊस काही पडत नाही, तो राहायलाच असतो. हा गृहस्थ दर रविवारी आत फुलाफुलांचा शर्ट, वरून रेनकोट असा थाट करून त्या पावसात झोपाळ्यावर डोळे मिटून पडायचा. आमची लेक पहिल्यांदा ते बघून घाबरली होती. मग तीच मला समजवायला लागली, "लीव्ह हिम, बाबा, काका इज ओन्ली ग्रँड." मी एकदा छत्री घेऊन शेजारी उभा राहिलो आणि विचारलं, "दादा, काय ऐकताय?" डोळे न उघडता म्हणाले, "लाटा. शेडच्या पत्र्यावर पाऊस पडला ना, की अगदी तसाच आवाज येतो. तू जरा गप्प राहशील का?" मी गप्प राहिलो. खरं सांगतो, मला काही ऐकू आलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून वाटलं की यांना येत असावं.

पण या सगळ्या वेडाच्या मुळाशी होता एक डबा. बेटावर ज्या घरात हे दोघं उतरले होते, तिथली मालकीण एकटी, साठीची, जाडजूड आणि हसरी. साडूंनी तिला दुसऱ्याच दिवशी मावशी करून टाकलं. निघताना तिनं वाटेत खायला म्हणून नारळाच्या वड्या दिल्या होत्या, आल्याचा ठसका असलेल्या. दिल्या त्या मार्गारीनच्या रिकाम्या डब्यात, पिवळ्या झाकणाच्या. जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं वड्या खाऊन तो डबा टाकून दिला असता. पण आपल्याकडे डबा रिकामा परत करायचा नसतो, आणि परत न करणं तर त्याहून वाईट! ताईंनी एकदा किचनमधलं प्रेस, म्हणजे कपाट, आवरताना तो डबा कचऱ्याच्या हिरव्या बिनमध्ये टाकला. नेमके आम्ही तेव्हा एनिसला पोचत होतो. शेजारचा म्हातारा फाटकाशी उभा होता. मला बघून शांतपणे म्हणाला, "युअर मॅन इज इन द बिन." बघतो तर साडू कमरेपर्यंत आत. डबा घेऊन बाहेर आले तेव्हा ताईंना म्हणाले, "लोकांचं भांडं आहे ते! भरून द्यायचंय." "मग पोस्टानं पाठवा." "पोस्टानं कुणी डबा परत करतं का? दारात जाऊन हातात द्यायचा असतो." बस, चार वर्षं या माणसाला जगात एवढं एकच करायचं होतं. त्या दारात जायचं होतं.

जमेल कसं? दर वर्षी बेटाची तिकिटं बघायचे, आणि दर वर्षी नागपूरहून आईचा फोन यायचा, "कधी येऊन राहिला रे?" एवढंच विचारायची ती माउली. आग्रह नाही, रडणं नाही. फोन ठेवला की हे मुकाट्यानं नागपूरची तिकिटं काढायचे. हा एक मुलगा तेवढा जवळ नाही, रजा एवढीशी, आणि आई ऐंशीच्या घरात. डबा मात्र बरोबर न्यायचे. आई तो भरून द्यायची. "मावशी म्हणतो ना तू तिला? मग माझी बहीणच झाली ती. बहिणीचा डबा रिकामा ठेवतात का?" एका वर्षी बेसनाचे लाडू, एका वर्षी चिवडा, एकदा चकल्या. तो भरलेला डबा एनिसला यायचा, बेट काही यायचं नाही, आणि मग नासतील म्हणून साडू ते झोपाळ्यावर बसून एकटेच खायचे. आम्हाला एक चकली देतील तर शपथ. म्हणायचे, "मावशीचं आहे."

दोन हजार अठराच्या शेवटी नागपूरला गेले तेव्हा आईनं त्यांना पकडलं. "दरवर्षी मेलं नासलं म्हणून सांगतो अन् सगळं स्वतःच खाऊन टाकतो. हे घे. लिंबाचं लोणचं आहे, गोड. हे नासत नाही, मुरते. आता पाहतेच कसा जात नाही तं!" आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग डब्यात, वरून दोरा. पुढच्या मार्चमध्ये आई गेली. साडू धावत नागपूरला गेले, सगळं यथासांग करून आले. त्यानंतर एकदा आम्ही एनिसला गेलो तर झोपाळा काढून ठेवलेला. मनगटावर घड्याळ. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. ज्या माणसाच्या बेटपुराणाला आम्ही चार वर्षं कंटाळलो होतो, तो जेवताना एकदाही 'बेटावर' म्हणाला नाही. कपाटात तो डबा होता, दोरा तसाच.

शेवटी मीच म्हटलं, "दादा, आता रजा मोकळी आहे. जाऊन या. आईंचीच इच्छा होती." ते घड्याळाचा पट्टा चाळवत राहिले. मी आपलं वातावरण हलकं करायला म्हणालो, "अहो, समुद्र ओलांडला की सुतक फिटतं, तुमचाच नियम." साडूंनी माझ्याकडे बघितलं. "ते लांबच्यांचं होतं बे," ते म्हणाले. "हे नाही फिटत." पण गेले. ताईंनी पुन्हा एकदा नकाशावर बोट ठेवलं, या वेळी नेमकं बघून, आणि नोव्हेंबरात दोघं निघाले.

परतीच्या दिवशी मी त्यांना आणायला डब्लिनच्या विमानतळावर गेलो. रात्री आमच्याकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी ती दोघं एनिसला जाणार होती. ताई मागं बसल्या, साडू माझ्या शेजारी. मांडीवर तो पिवळ्या झाकणाचा डबा.

"दादा, दिला नाहीत?"

"दिला ना! दारातच उघडला तिनं. बोट घालून चाखलं, डोळे मिटले, आणि मग शेजारणीला हाका मारल्या. तळलेल्या माशाबरोबर खाल्लं रे लोणचं. आईला सांगितलं असतं तर..." त्यांनी डब्याचं झाकण घट्ट दाबलं. "फार आवडलं तिला. कुणी केलं म्हणाली. मी म्हटलं, माझ्या आईनं. पुढचं सांगायचं राहूनच गेलं."

"मग हा डबा?"

"निघताना धुऊन, भरून परत दिला. वड्या आहेत. त्यांच्यातही रिकामा देत नाहीत." वायपर चालू होते. मागं ताई डोळे पुसत होत्या. साडूंनी झाकणावरून हात फिरवला. "म्हणाली, हे तुझ्या आईला दे. माझ्याकडून सांग."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? देतो म्हटलं."

ल्यूकनचा फाटा आला तसा मी वेग न आवरताच वळण घेतलं. साडूंनी दोन्ही हातांनी डबा छातीशी धरला.

"हळू घे रे जरा," ते म्हणाले. "वड्या मोडतील."