मस्कतला गेलेला आवाज

"तुमच्या व्होकल कॉर्ड्स, म्हणजे स्वरतंतू, ठीक आहेत," नाकातून घातलेली दुर्बीण बाहेर काढत मस्कतचे डॉक्टर म्हणाले. "याला फंक्शनल अफोनिया म्हणतात. गळ्यात दोष नसतो, तरी आवाज फुटत नाही. मनावर मोठा ताण आला की असं होतं. काही घडलं होतं का?"

मी होकारार्थी मान हलवली. सांगणार कशी?

मी तिथे बालवाडीत शिकवते. मधल्या सुट्टीत फोन आला होता. "मी आई बोलतेय. रोह्यावरून." नंबर तिने आत्याकडून घेतला होता.

मी पाच वर्षांची असताना आई सोडून गेली. बाबा पिऊन तिला मारायचे. एका दुपारी मला हमरापूरला आत्याकडे ठेवून "येते हां" म्हणाली, ती आलीच नाही. तिने रोह्यात दुसरा संसार मांडल्याचं पुढे कळलं. रोह्याची गाडी गेली की मी विचारायचे, आई येईल ना? विकायच्या गणपतींना रंग देता देता आत्या म्हणायची, "येल गो, येल." मग मीच विचारायचं सोडलं.

फोनवर मला एवढंच विचारायचं होतं, का गेलीस? तोंड उघडलं, तर नुसती हवा आली. वर्गात परतले, तर मुलांची नावंही घेता येईनात.

रजा टाकून हमरापूरजवळच्या पेणला आले. स्पीच थेरपिस्ट बाईंनी आधी खोकायला लावलं. "खोकल्याला आवाज आहे. म्हणजे तुमचा आवाज शाबूत आहे." मग ओठ मिटून नुसतं 'म्म्म'. कित्येक दिवस काहीच नाही. आत्या बाहेर बाकावर बसून राहायची. एका सकाळी छातीत काहीतरी थरथरलं आणि घोगरा, फाटका 'म्म्म' निघाला. आत्या न विचारता आत घुसली. "बोलली गो माजी पोर!"

तुमचा आवाज असा गेला, तर लोक नाटक म्हणतील. ऐकू नका. आधी गळा तपासून घ्या, मग धीर धरून व्यायाम करा.

नीट बोलता येऊ लागल्यावर रोह्याला गेले. दार आईनेच उघडलं. मी विचारलं, "का गेलीस?"

ती उंबऱ्यातच बसली. "मार सोसवत नव्हता. नि तुला घ्यायला माजा हा नवरा तयार नव्हता." मग म्हणाली, "तू माफ नाय करणार, ठाव हाय मला."

"अजून जमत नाय," मी म्हटलं. पण चहा घेतला.

आता मस्कतहून सुट्टीच्या दिवशी तिला फोन करते. ती मला त्या दुपारनंतरचं विचारते. रडलीस का गो? शाळेत कुणी घातलं? ताप आला की उशाशी कोण बसायचं? "आत्या," मी सांगते. ती ऐकते, मग म्हणते, पुढे सांग.

परवा आम्ही माझ्या दुसरीच्या वर्षापर्यंत आलो.