पाण्याबाहेर काढलेलं हेड

इपॉक्सीचा वास आला की आजही माझं डोकं तापतं. बोईसरच्या गाळ्यात फिजिओथेरपीच्या अल्ट्रासाउंड मशीनचं, पेशंटच्या अंगावर फिरवायचं, इपॉक्सीने चिकटवून मी बनवलेलं पहिलंवहिलं हेड बघायला मुंबईचे शेठ आले होते. हेड पाण्यात धरून मी फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढवत नेली आणि हव्या त्या आकड्यावर मीटरचा काटा उसळला. शेठनी हेड बाहेर काढलं, रुमालाने पुसलं आणि हवेत धरलं. आता काटा दुसऱ्याच आकड्यावर उसळला.

“अवो शेठ, पेशंटचं अंग हवेचं हाय का? ते पाण्यावानी असतंय!” मी ओरडलो.

“ओरडू नका. अर्ध्या भावात देता?”

मी हेड हिसकावलं. ऑर्डर गेली. शेठला यातलं काही कळत नाही, असं मी कित्येक वर्षं सांगत फिरलो. आता माल घेताना मीही भाव पाडायला मुद्दाम खोट काढतो, तेव्हा तो रुमाल आठवतो आणि चैन पडत नाही. शेठना सगळं कळत होतं.