तो आहेर नव्हता, अहीर होता

मागच्या पंधरवड्यात वाचनालयाच्या याच बोर्डावर मी एक कागद लावला होता... 'नदीचा आहेर'. त्यात चूक झाली आहे, आणि ती शुद्धलेखनाची नाही.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात प्रवरेच्या डोहाकाठी दोन दिवडी मरून पडलेल्या दिसल्या, असं मी लिहिलं होतं. त्या दिवडी नव्हत्या, साप नव्हतेच ते. ते अहीर होते... मासे.

दुसरं म्हणजे, भोई आळीतल्या द्वारकामावशी मला "नदीचा आहेर गेला" असं म्हणाल्या, हे वाक्य. तुमच्यापैकी पुष्कळांना तेच आवडलं. कागदाखाली पेन्सिलीने 'सुंदर', 'डोळे भरून आले' असं लिहून गेलात. मावशी तसं बोलल्याच नव्हत्या.

आमच्या घरात मासा शिजत नाही, त्यामुळे नावं कानावर नाहीत. पण म्हणून चूक लहान होत नाही. शाळेत घालण्याआधी दादांनी, माझ्या वडिलांनी, मला घरीच लिहायला शिकवलं. पाटीच्या मधोमध रेघ ओढायचे... एका बाजूला पाहिलेलं, दुसऱ्या बाजूला ऐकलेलं. मी ऐकलेलं धड ऐकलं नाही आणि पाहिलेलं वाकून पाहिलं नाही. नाकाला पदर लावून दहा पावलांवरून परत फिरले.

परवा ग्रामपंचायतीत तालुक्याहून उत्तर आलं, तेव्हा हे उघडं पडलं. वरच्या फॅक्टरीचं मळीचं पाणी डोहात उतरतं आणि मासा मरतो, असा भोई आळीचा अर्ज होता. सरपंचांनी चांगल्या मनाने माझा कागद त्याला जोडला होता.

उत्तरात लिहिलंय, सोबतच्या लेखात मेलेल्या माशाचा उल्लेखच नाही. मासेमारी न करणाऱ्या कुणीतरी स्वतः पाहिलेलं, माशाच्या नावासकट, येत्या शुक्रवारपर्यंत येऊन सांगावं. नाहीतर अर्ज निकाली काढला जाईल.

उत्तर वाचून तशीच भोई आळीत गेले. मावशी दुष्काळी कामावरून, खडी फोडून नुकत्याच आल्या होत्या. त्यांना माझं वाक्य वाचून दाखवलं, तर त्या आधी हसल्याच.

"आहेर? नदीचं लगीन हुतं का काय? अवो ताई, अहीर म्हन्ले मी. अहीर! मासा हाय त्यो."

"मला दिवड वाटली, मावशी."

"दिवडीला खवलं दिसत्यात. ह्यो बुळबुळीत. कानामागं दोन पर आस्त्यात. पन तुमी कशाला वाकून बघताय!"

हे खरंच होतं... मग त्यांचंही हसू गेलं.

"वाम मासळी घरची, अहीर पावना. वाम मेली तरी तिची पिल्लं डोहातच आस्त्यात. पन अहिराच्या पोटात अंडी आमच्या सासऱ्यानं उभ्या जन्मात न्हाई बघितली. पुराच्या पान्यासंगं जातो त्यो, कुठं लई लांब. आन् बोटाएवढी पिल्लं खालनं वर येत्यात. दोन सालं झाली, एक न्हाई आलं. पावन्याच्या वाटंतच इख वतलं, तर त्यानं यावं कसं?"

राहुरीला शेतकी शिकणारा माझा मावसभाऊ काल घरी आला होता. तो म्हणाला, अहीर अंडी घालायला समुद्रात जातो. म्हणजे प्रवरेतून गोदावरीत आणि तिथून पार पूर्वेच्या समुद्रापर्यंत... हे ऐकलेलं आहे.

आता पाहिलेलं. आज सकाळी मावशींबरोबर पुन्हा डोहावर गेले. पाणी कोऱ्या चहासारखं होतं, काठाला फेस होता, वास घशात बसत होता. खडकाच्या कपारीत आणखी एक मरून पडला होता, माझ्या हाताएवढा लांब.

मी वाकले आणि बोट लावलं. खवलं लागली नाहीत. कानामागे दोन छोटे पर होते, ओल्या कागदासारखे चिकटलेले. डोळे उघडे... इतक्या लांब जायचं असलेला जीव, आणि आपल्या गावच्या कपारीत संपला.

दोन वर्षं पाऊस नाही, डोह आटत आलाय. मासा केवळ मळीनेच मेला, असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. काय पाहिलं तेवढंच सांगेन. आधीचे दोन मी लांबून पाहिले होते, तेही सांगेन. पाणी नासलं की दिवडी ते सोडून वाळूवर जातात, काठाशी मरून पडत नाहीत, म्हणून ते दोनही अहीरच, हे मावशींचं म्हणणं मावशींच्याच नावावर.

भीती एकाच गोष्टीची वाटते. साहेब विचारतील, बाई, एकदा मासा साप म्हणून लिहिलात, मग आता सांगताय ते खरं कशावरून? माझ्यामुळे अर्ज दुसऱ्यांदा बुडाला, तर भोई आळीला तोंड दाखवायची नाही मी. परतताना मावशींना हे बोलून दाखवलं.

"चुकलं म्हनून सांगताय, म्हनून तर खऱ्या तुमी," त्या म्हणाल्या. "खोटं बोलनारा चुकत न्हाई, ताई. त्यो पाठ करून येतो."

ज्यांचं बोलणं मी एकदा बिघडवलं, त्यांनीच मला एवढा धीर दिला. त्यांचे आभार कसे मानायचे, मला अजून कळलेलं नाही.

येत्या बुधवारी, सकाळी सव्वाआठच्या एस.टी.ने, मी द्वारकामावशींबरोबर तालुक्याच्या कचेरीत जाते आहे.